टोकांचा चुना

खोपोली,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. छाया, अब्बासचाचाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकली असशील. कुणी गेलंबिलं नाही. माझ्या घरात आता जायला मी एकटाच उरलो आहे, आणि पत्र मीच लिहितो आहे, तेव्हा तीही काळजी नको. तुझा पत्ता पोशीरला तुझ्या भावाकडून घेतला. किरणने बंगळुरूच्या लॅबचा दिला. म्हणाला, ताईचा हाच पत्ता आहे.

फोन का नाही केला, तर कान. उभा जन्म वखारीत लाकूड कापायच्या मशीनपाशी गेला. आधी डावा कान गेला, आता उजवाही गेल्यात जमा आहे. डॉक्टरने यंत्र दिलंय. ते घातलं की माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. मोबाईलवर टाइप करायला गेलो तर एक अक्षर दाबल्यावर तीन उमटतात. म्हणून हा कागद.

आता काम सांगतो. वखारीच्या मागच्या छपरात सागाची थप्पी आहे. तू आणि अनम दहावीला होतात त्या वर्षी घेतलेली. अनमच्या घरासाठी म्हणून तुझ्या बापाने, भिवाजीने, एकेक नग पारखून घेतला होता. आमची पारखायची रीत तू पाहिली आहेस. तो एका टोकाला हातोडीने ठोकायचा, मी दुसऱ्या टोकाला कान लावायचो. आवाज खणखणीत आला की नग आपला. दबका आला की भिवाजी म्हणायचा, "ह्यो नाय शेठ, ह्याच्या पोटात काय तरी हाय."

भिवाजी गेला आणि माझे कान गेले. परवा संतोष सुताराला ठोकायला लावलं. त्याने दोन-चार नग ठोकले आणि तोंड वाकडं केलं. मी विचारलं तर मोठ्याने काहीतरी बोलला. मग माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं, दबका.

अनमचं घर ईदनंतर सुरू करायचं आहे. पळसदरीच्या अलीकडचा तो प्लॉट. शारजाहून ती आणि जावई येतील तेव्हा निदान जोतं तरी दिसलं पाहिजे. तेव्हा लाकूड चांगलं आहे की आतून गेलं आहे, ते मला नक्की कळायला हवं. तुमच्या लॅबमध्ये लाकडाचा रोग ओळखतात म्हणे. कान न लावता ओळखायचा काही उपाय असेल तर कळव.

आमचे दुसरे जावई, योगेंद्रराव, त्यांना सलाम.

तुझा,
अब्बासचाचा

*

बंगळुरू,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. अब्बासचाचांना छायाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र टेबलावर आलं तेव्हा पाकिटाला लाकडाचा वास येतोय असं मला वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हुंगायला दिलं, ती म्हणाली, गोंदाचा आहे. असेल. मी ते दिवसभर ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर सारखा उघडत राहिले.

उपाय आहे. कान नको, डोळे पुरतात.

बुरशी लाकूड खाते तेव्हा आत आम्ल सोडत जाते. वरून लाकूड धडधाकट दिसत असतं, रंध्याखाली गुळगुळीत येतं, पण आत ते आंबट व्हायला लागलेलं असतं. शाळेत लिटमसचा कागद होता ना, तसाच एक रंग आम्ही वापरतो. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन असं त्याचं नाव, तुम्ही नुसतं रंग म्हणा. चांगल्या सागावर तो हिरवा, फार तर हिरवट निळा दिसतो. जिथे बुरशीने आम्ल सोडलंय तिथे पिवळा होतो. लाकूड भुसभुशीत व्हायच्या आधीच तो सांगतो, म्हणून त्याचा उपयोग. सगळ्याच बुरश्या यात सापडत नाहीत, पण छपरात गळक्या जागी सागाला धरते ती बहुतेक सापडते.

सोबत डबीत पूड पाठवते आहे. ती पाण्यात विरघळवायची, पण नळाचं पाणी घेऊ नका. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं पाणी मिळतं, ते घ्या. काचेची बाटली स्वच्छ धुऊन, वाळवून घ्या. पूड चिमूटभरच, पाणी सरबताइतपत रंगेल एवढी. आधी खात्रीच्या चांगल्या सागाच्या तुकड्यावर लावून बघा, म्हणजे चांगला रंग कसा दिसतो ते डोळ्यांत बसेल. मग प्रत्येक नगाचं टोक ताजं कापा, थोडं वाळू द्या आणि ब्रशने रंग फिरवा. एक चहा पिऊन या आणि मग बघा.

बाबा असते तर त्यांनी बाटलीकडे एकदा बघितलं असतं आणि आधी हातोडी मारून घेतली असती.

अनमच्या घराचं वाचून फार बरं वाटलं. तिचं नि माझं बोलणं हल्ली फक्त वाढदिवसांपुरतं उरलंय. योगेंद्र मजेत आहे.

तुमची,
छाया

*

खोपोली,
२० डिसेंबर २०२४

चि. छाया, अनेक आशीर्वाद.

पूड पोचली. बॅटरीचं पाणी आणायला गेलो तर गॅरेजवाल्याने माझ्याकडे गाडी कुठे आहे ते आधी वाकून बघितलं. लाकडाला लावायचं आहे म्हटल्यावर त्याला बहुतेक वाटलं, म्हातारा गेला कामातून.

तू सांगितलंस तसा खात्रीचा तुकडा संतोषकडून आणला. त्यावर रंग हिरवट झाला. मग थप्पीपाशी गेलो. टोकं कापायला मात्र हात धजला नाही. सगळे नग घराच्या मापाने कापून ठेवलेले आहेत, एक वीत गेली तरी तुळई भिंतीला पुरायची नाही. म्हणून टोकांना नुसता पॉलिश पेपर मारला, धूळ झटकली आणि रंग लावला.

सगळी निळी झाली. गडद, दौतीतल्या शाईसारखी. एकही पिवळं नाही. म्हणजे माझं लाकूड तुझ्या खात्रीच्या लाकडाहूनही चांगलं म्हणायचं.

देखभालीत मी कसूर केलेली नाही, एवढं खरं. पत्रे गळायचे तिथे दरवर्षी डांबर भरलं. दिवाळी झाली की टोकांना चुना फासतो, तडकू नयेत म्हणून. भिवाजी होता तोवर आम्ही दोघं फासायचो, आता एकटा फासतो. दुपार त्यात बरी जाते.

एक विचारायचं होतं. हा रंग कधी चुकतो का?

तुझा,
अब्बासचाचा

*

बंगळुरू,
६ जानेवारी २०२५

ती. अब्बासचाचा, साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं आणि शेजारच्या मुलीला मिठी मारली. तिला काय झालं ते कळलं नाही, पण मराठी लोक असेच असतात असं तिने मनाशी ठरवलं असावं.

इतकी वर्षं एका माणसाने एक थप्पी जपली आणि ती जपल्यासारखी राहिली. आमच्याकडे येणारी बहुतेक लाकडं वाईट बातमी घेऊन येतात. पुलाच्या फळ्या, शाळेची छपरं. तुमची पहिलीच थप्पी, जिच्याबद्दल मला कुणाला तरी चांगलं कळवता येतंय.

रंग चुकतो का, तर हो, कधीकधी चुकतो. काही झाडांचं लाकूड मुळातच आंबट असतं, तिथे चांगल्यालाही पिवळा होतो. तुमचा साग आहे, आणि पिवळा कुठे झालेलाच नाही, तेव्हा मनातून शंका काढून टाका. तुम्ही आधीपासून फार काळजी करताय, ते पत्रातून कळतं.

अनमला मीच मेसेज करणार होते, पण म्हटलं ही बातमी बापाने द्यावी. तिला सांगा, घरभरणीला मी येणार. आमंत्रण नसलं तरी येणार.

योगेंद्र मजेत आहे.

तुमची,
छाया

*

बंगळुरू,
२२ जानेवारी २०२५

ती. अब्बासचाचा, साष्टांग नमस्कार.

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. जोत्याचं काम कुणाला सांगितलं असेल तर ते थांबवा. आधी हे पत्र वाचा.

माझी चूक झाली. तुमचं डिसेंबरचं पत्र मी परवा पुन्हा काढून वाचलं. का वाचलं म्हणाल तर रविवार होता. "शाईसारखी निळी" या शब्दांवर अडले. चांगला साग तसा निळा होत नाही. तुमच्याच हातचा खात्रीचा तुकडा हिरवट झाला होता. मग खालची ओळ वाचली. दिवाळी झाली की टोकांना चुना.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये एक पार कुजलेला सागाचा ओंडका घेतला. बोटाने दाबला तर भुगा पडत होता. त्याच्या एका टोकाला चुना फासला, वाळू दिला, पुन्हा फासला. मग तुमच्यासारखाच पॉलिश पेपर मारला आणि रंग लावला. निळा झाला, चाचा. दौतीतल्या शाईसारखा. तेच लाकूड जरा आत कापून रंग लावला तर हळदीसारखं पिवळं.

आम्ल असलं की रंग पिवळा होतो, आणि चुना आम्ल मारतो. दरवर्षीचा चुना टोकांत मुरलेला आहे, तो नुसत्या पॉलिश पेपरने जायचा नाही. म्हणजे तुम्ही जे पाहिलंत तो लाकडाचा रंग नव्हताच, चुन्याचा होता. लाकडाबद्दल आपल्याला अजून काहीच माहीत नाही. चांगलंही असेल. पण संतोष दबका म्हणाला होता, ते मी विसरायला नको होतं.

भिवाजी सुताराच्या मुलीला टोकांचा चुना आठवू नये, याचं मला फार वाईट वाटतंय. तुम्ही इतके खूश होतात आणि मी अभिनंदनाचं पत्र पाठवून मोकळी झाले.

टोकापासून हातभर आत कापावं लागेल. माप जाईल, मला कळतंय. पण त्या लाकडावर घराचं छप्पर चढवण्याआधी ते कळलेलं बरं. रागावलात तरी चालेल, उत्तर मात्र द्या.

तुमची,
छाया

*

बंगळुरू,
१८ मार्च २०२५

ती. अब्बासचाचा, साष्टांग नमस्कार.

जानेवारीच्या पत्राचं उत्तर आलं नाही. मिळालं नसेल असं आधी धरून चालले. मग किरणला फोन केला, तो म्हणाला, चाचा बाजारात दिसतात, तब्येत बरी आहे. म्हणजे मिळालं आहे.

रोजे चालू असतील. आसियाचाचींच्या हातची खजुराची खीर मला कधीतरी मध्येच आठवते. इथे समोरच्या गल्लीत संध्याकाळी इफ्तारची दुकानं लागतात, मी काही न घेता त्यातून एक फेरी मारते.

चाचा, लाकूड कापायचं नसेल तर कापू नका. पण माझ्याशी बोलणं थांबवू नका. मला तुमच्या पत्रांची सवय झाली आहे.

तुमची,
छाया

*

खोपोली,
९ एप्रिल २०२५

चि. छाया, अनेक आशीर्वाद.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. रागावलो नव्हतो. लिहायला बसायचो आणि कागद परत घडी करून ठेवायचो. आज लिहायला बसलो आहे तर सगळंच लिहितो.

ईदच्या दुसऱ्या दिवशी संतोषला बोलावलं आणि नग कापायला लावले. पहिला कापला तेव्हा मला वाटलं माझ्याच अंगात करवत चालली आहे. हातभर आत कापून, वाळवून, रंग लावला. चहा प्यायला गेलो नाही, तिथेच उभा राहिलो. आधी हिरवट दिसला. मग कडेने पिवळा चढायला लागला आणि गाभ्याच्या जवळ जाऊन थांबला. दुसऱ्याचं तेच. खालच्या थरातले सगळे गेले आहेत. वरच्या काहींचा मधला भाग बरा आहे, पण तुळई व्हावी एवढी लांबी कशाचीच उरली नाही. संतोषने पटाशीने एक टोक उकरून दाखवलं. "चाचा, वरून कसा टणक दिसतोय बघा, आन आत नुसता खवा झालाय." एवढं तो माझ्या कानापाशी ओरडून बोलला, आणि नेमकं तेच सगळं ऐकू आलं.

तुला वाटलं मी डिसेंबरात खूश होतो. पोरी, नव्हतो गं. निळा रंग बघून मी त्या दिवशी जेवलो नाही. लाकूड खराब निघावं म्हणूनच मी तुझ्याकडून ती पूड मागवली होती.

अनम येणार नाही. ते मला गेल्या बकरी ईदपासून माहीत आहे. फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून ती व्हिडिओवर वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कागद समोर धरते. त्या दिवशी तिने लिहिलं होतं, आम्ही इकडेच राहायचं ठरवलं आहे, तुम्हीच इकडे या. मी हात हलवला, हसलो. तिलाही वाटलं मला पटलं.

मी तिकडे जाऊन काय करणार? तिथे मला ओळखणारं कोण? इथे निदान मशिदीच्या पायरीवर बसलो तर चार जण खांद्याला हात लावून पुढे जातात. पण तेच चौघं विचारतात, अनमचं घर कधी? लाकूड तर तयार आहे ना? इतकी वर्षं मीच सगळ्यांना थप्पी दाखवत आलो. मुलगी नाही म्हणाली, हे मला त्यांना सांगता येईना. लाकूडच सडलं, हे सांगता आलं असतं. दोष बुरशीवर गेला असता, माझ्या पोरीवर नाही. म्हणून तुला विचारलं होतं, रंग चुकतो का. तो चुकावा असं मला वाटत होतं. आणि तरी कापायला हात धजत नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कशा वाटतात, ते मला विचारू नकोस.

मग पिवळा झाला. वाटलं होतं मोकळं वाटेल. नाही वाटलं. थप्पीवर बसलो आणि रडलो. संतोषने बिडी ओढायचं निमित्त केलं आणि बाहेर गेला.

त्याच आठवड्यात अनमचा व्हिडिओ आला. मी पिवळं टोक कॅमेऱ्यासमोर धरलं. बोटाने भुगा पाडून दाखवला. तिला पटकन कळलं. तिने कागदावर लिहिलं आणि हसून समोर धरला.

बरं झालं अब्बा. आता तुम्हाला ते सांभाळायला नको.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्यावरचं ओझं उतरलं म्हणून तिला खरंच आनंद झाला होता. पण मला वाटलं होतं, ती निदान अरेरे म्हणेल. ते लाकूड तिचं होतं, छाया.

आता लोकांना सांगितलं आहे, लाकूड सडलं. सगळे हळहळले. पान खाता खाता हळहळले. मला हवं होतं तसं झालं आहे.

आणखी एक. तू लॅबमध्ये कुजक्या लाकडाला चुना फासून बघितलास, ते वाचून हसू आलं. तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी योगेंद्र मजेत असतो. एवढी एकच ओळ, त्याच शब्दांत. शेवटच्या दोन पत्रांत तीही नाही. पाकिटावर घरचा पत्ता कधीच नसतो, लॅबचा असतो. आणि रविवारी बसून माझ्यासारख्या म्हाताऱ्याची जुनी पत्रं वाचतेस. तूही टोकांना चुना लावतेस की काय? सांगायचं नसेल तर राहू दे. मी काही करवत घेऊन येत नाही.

तुझा,
अब्बासचाचा

*

बंगळुरू,
२५ एप्रिल २०२५

ती. अब्बासचाचा, साष्टांग नमस्कार.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीच्या दोन्हींत मी बुरशीबद्दलच लिहीत सुटले होते.

योगेंद्र पुण्याला आहे. गेल्या गणपतीपासून. भांडण झालं नाही, म्हणून कुणाला सांगायलाही काही नाही. एक दिवस आम्ही दोघांनी बसून पुस्तकं वेगळी केली आणि भांडी वाटून घेतली. मी कुकर घेतला. तो मजेत आहे हे खरंच आहे, मी खोटं लिहिलेलं नाही. मी कशी आहे ते लिहिलं नाही, इतकंच.

मी एका खोलीत राहते. घरमालकीण चांगली आहे, पण तिचं कन्नड मला आणि माझं कन्नड तिला कळत नाही, त्यामुळे आम्ही एकमेकींकडे बघून खूप हसतो. शुक्रवारी संध्याकाळी लॅबमधून निघाले की सोमवार सकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. किरणला सांगितलेलं नाही. तो लगेच टेंपो घेऊन सामान न्यायला येईल, आणि मग पोशीरमध्ये सगळ्यांना कळेल. तुम्हाला मशिदीच्या पायरीचं जे वाटतं ना, ते मला चांगलं कळतं.

तुम्हाला हे लिहिलं आणि पेन बाजूला ठेवलं. मी बरीच रडले. आता बरं आहे.

अनमबद्दल तुम्ही लिहिलंत, मला तिचा राग आला आणि मग गेलाही. तिला वाटतं तुम्ही लाकूड सांभाळत होतात. तुम्ही लाकूड सांभाळत नव्हतात, हे तिला कागदावर लिहून कुणीतरी दाखवायला हवं. तुम्हीच दाखवा.

वरच्या नगांचा मधला भाग बरा आहे म्हणता, त्यातला एक माझ्यासाठी ठेवा. विकू नका, जाळायला देऊ नका. मी जूनमध्ये रजा घेऊन येते. मग आपण दोघं बघू, त्याचं काय होतंय ते. आणि या वेळी टोकांना चुना लावू नका. मला लाकूड बघायचं आहे.

तुमची,
छाया

(पाकिटावर या वेळी खोलीचा पत्ता लिहिला आहे.)

*

खोपोली,
१० नोव्हेंबर २०२५

चि. छाया, अनेक आशीर्वाद.

तुझी पत्रं वेळेवर मिळाली. जूनमध्ये तुला रजा मिळाली नाही, गणपतीत योगेंद्ररावांबरोबर फारकतीच्या कागदांवर सह्या करायला पुण्याला जावं लागलं, दिवाळीत लॅबमध्ये माणसं कमी. सगळी कारणं खरी आहेत, मला माहीत आहे. अनमचीही खरीच असायची.

दिवाळी झाली तसा सवयीने चुना कालवला. बादली घेऊन मागच्या छपरात गेलो आणि तुझ्या नगापाशी आल्यावर आठवलं, लावायचा नाही. बादली तशीच परत आणली आणि संडासाची भिंत रंगवली.

तुझा नग बघितला. चुना नसल्याने टोकाला बारीक भेगा पडायला लागल्या आहेत. तिथेच उभा राहून विचार केला. अब्बास, तू पुन्हा एका पोरीच्या नावाने लाकूड ठेवून बसला आहेस. तेही चांगल्या पत्र्याखाली, तेही ती येईल म्हणून. मला माझीच भीती वाटली. आणखी काही वर्षांनी कुणीतरी या नगालाही रंग लावून बघेल.

म्हणून तुला न विचारता एक काम केलं. संतोषला बोलावलं आणि त्या नगाचा बाक करायला सांगितला. तो म्हणाला, "पोरीचं हाय ना ते? इचारलंत का?" मी म्हटलं, ऐकू येत नाही. कधीकधी कानांचा असा उपयोग होतो.

बाक वखारीच्या दाराशी, रस्त्याच्या कडेला ठेवला आहे. कर्जतला जाणारे तिथे रिक्षाची वाट बघत बसतात. कुणी भाजीची पिशवी ठेवतं, कुणाचं पोर त्यावर उभं राहून नाचतं. कुणी विचारत नाही लाकूड कुणाचं, कशासाठी ठेवलं होतं. ओला होतो, वाळतो, डाग पडले आहेत. परवा अनमच्या व्हिडिओत तिला तो दाखवला. तू सांगितलं होतंस तसं या वेळी मीच कागद लिहून समोर धरला. लिहिलं, हे तुझ्या घराचं लाकूड, आम्ही तुझी वाट बघत होतो. तिने पुढे वाकून तो वाचला. मग कॅमेऱ्यावर हात ठेवला. मीही ठेवला. तिने पुढे काही लिहिलं असेल तर मला दिसलं नाही, माझाच तळवा आड आला होता.

बाकाला रंधा मारला तेव्हा एक टोक मी संतोषला तसंच ठेवायला लावलं, भेगांसकट. त्याला चुना नाही, पॉलिश नाही. तुझी पूड डबीत थोडी उरली आहे. बॅटरीचं पाणी तू येशील तेव्हा ताजं आणू, गॅरेजवाला आता काही विचारत नाही.

रिक्षाची वाट बघणारे गेले की मी दुसऱ्या टोकाला बसतो आणि हातोडीने हळूच ठोकतो. तळहाताला कळतं की काहीतरी वाजलं. खणखणीत की दबकं, ते नाही कळत. ते ऐकायला पलीकडच्या टोकाला कुणीतरी कान लावून बसावं लागतं.

तुझा,
अब्बासचाचा